आप्पांच्या खाटेची दिशा

नाचणे रस्ता, रत्नागिरी
नोव्हेंबरअखेर

ती. विशाखाताईंस,

रसिकाचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? दाजींची शुगर आटोक्यात आहे का? आणि नव्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली की तुम्ही अजून पाच जिने चढताय? (गुडघ्याचं दुखणं लिफ्टवरच अवलंबून असेल तर दोन्हींना मिळून एकच उत्तर पाठवलंत तरी चालेल.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुम्ही पत्र इथेच मिटलंत तर ते खरंही राहील. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा आहेत की मी ओट्यापाशी मीठ संपल्याचं पुटपुटले की शेजारीण मीठ घेऊन दारात उभी राहते. आणि मोबाईलवर लिहावं तर तुम्ही ते दाजींकडून मोठ्याने वाचून घेता, आणि नेमका तेव्हाच तुमच्या भावाचा फोन चालू असतो. म्हणून हे पत्र एकटीने वाचा, चष्मा लावून आणि बसून.

तुमचे बंधुराज दर रविवारी तुम्हाला फोनवर 'सुधारणा आहे' असं सांगतात, ते मी भाकरी थापता थापता ऐकते. सुधारणा आहे, पण ती घरात आहे, आप्पांत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमच्यापर्यंत अर्धंच पोचलेलं दिसतं, म्हणून पुरतं लिहिते. दुखणं स्वादुपिंडातून लिव्हरमध्ये उतरलंय. ऑपरेशन करण्यासारखं नाही. औषधं आहेत ती फक्त दुखू नये म्हणून. 'घरी न्या, खातील ते द्या, त्यांच्या मनासारखं करा,' एवढंच ते म्हणाले, आणि तेसुद्धा समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत. परतताना आंबा घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो. आप्पा मागच्या सीटवर आडवे होते. म्हणाले, "महेंद्रा, शेरात नको नेव मला. तसाच गावाला घेऊन चल." पूर्णगडाकडचं ते आपलं घर त्यांनी मास्तरकीच्या पगारातून चिऱ्यावर चिरा ठेवून कसं बांधलं, ते मी तुम्हाला काय सांगू? तुम्ही तर त्या कामावर पाणी मारलंय. बंधुराज म्हणाले, आधी बरे व्हा, मे महिन्यात सगळेच जाऊ. मे महिना किती लांब आहे हे त्या गाडीत तिघांनाही ठाऊक होतं.

त्यानंतर काही दिवस तुमचा भाऊ नेहमीसारखा ऑफिसात गेला, नेहमीसारखा जेवला, आणि एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला की आपल्या घरातली ऊर्जा तुंबली आहे. मला वाटलं मोरी तुंबली. मी प्लंबरचा नंबर शोधायला लागले. पण ही तुंबलेली वस्तू वेगळी होती. तिला 'ची' म्हणतात, ती दारातून येते, घरभर फिरते, आणि खाट, आरसे, संडास हे चुकीच्या जागी असले की रुसून बसते. या शास्त्राला फेंगशुई म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याकडे मुंबईत सगळं आधी पोचतं. ताई, हा तोच माणूस ना, जो कॉलेजात असताना वाडीवाडीतून जिभेवर कापूर पेटवून भगतांच्या करामती उघड्या पाडत फिरायचा? ज्याने आमच्या लग्नात माझ्या भावाच्या रिक्षाचं लिंबू-मिरची भर मंडपासमोर तोडून टाकलं, आणि माझा भाऊ त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे पाणी प्यायला आला नाही? मी विचारलं तसं. तर उत्तर तयार होतं. म्हणाले, वास्तुशास्त्र आपलं नाही, ते मी घरात येऊ देणार नाही. फेंगशुईची गोष्ट वेगळी. ती चीनची. चीनला धम्म कुणी दिला? आपण. म्हणजे आपलंच ज्ञान तिकडे जाऊन शहाणं होऊन परत आलंय, गावचा चाकरमानी मे महिन्यात येतो तसं. (चाकरमानी येतो तेव्हा निदान खाऊ आणतो, हे मी मनात म्हटलं.)

या ज्ञानाला घरी घेऊन आले ते अनिल सर. पूर्वी त्यांचं पडद्यांचं दुकान होतं, ते अजून आहे, पण हल्ली पडद्यांपेक्षा दिशा जास्त खपतात. माणूस वाईट नाही. चपला बाहेर काढतो, बिनसाखरेचा कोरा चहा पितो, आप्पांना वाकून नमस्कार करतो. त्यांच्याकडे ताटाएवढं एक गोल होकायंत्र आहे, त्यावर चिनी अक्षरांची वर्तुळं. ते त्यांनी हॉलच्या मधोमध धरलं, आणि सुई आमच्या लोखंडी कपाटाकडे बघत राहिली. ते बेडरूमकडे वळले तरी सुई कपाटाकडे. आमच्या सानवीने (नववीत आहे आता, तोंड तुमच्यासारखं) सरळ सांगितलं की सर, लोखंडामुळे तसं होतंय, आम्हाला पाठात आहे. सर म्हणाले की घरात धातुतत्त्व प्रबळ आहे. त्यामुळे आमच्या घरापुरती उत्तर दिशा कपाटात आहे, आणि पुढचा सगळा हिशेब तिथून धरलेला आहे.

निष्कर्ष असे निघाले. आमचं दार लिफ्टसमोर, त्यामुळे आलेली ची लगेच लिफ्टने खाली पार्किंगला जाते. खिडकीबाहेर ट्रान्सफॉर्मर, तो आमच्यावर विषारी बाण सोडतो. गॅस आणि सिंक शेजारी, म्हणजे आग आणि पाणी शेजारी, म्हणून घरात नवरा-बायकोची भांडणं. (आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा सिंक नव्हतंच, मोरी होती, ती पण बाहेर. तरी भांडणात कधी खंड पडल्याचं मला आठवत नाही.) संडासचं झाकण कायम बंद ठेवायचं. फक्त एका गोष्टीवर बंधुराज ठाम राहिले. सरांनी सुचवलं की समोरच्या भिंतीवरचे तथागतांचे आणि बाबासाहेबांचे फोटो दुसऱ्या भिंतीवर घ्यावेत, तर हे म्हणाले, फोटो हलणार नाहीत, भिंत हलवायची तर हलवा. मला त्या दिवशी एवढ्या एकाच वाक्यात माझा नवरा ओळखू आला.

मग वस्तू यायला लागल्या. दारावर आठ कोनांचा आरसा. तो बाण परतवतो म्हणे, आता पोस्टमनला त्यात आपलं तोंड दिसतं. खिडकीत किणकिणणारी नळकांडी. तिसरं एक छोटं कारंजं, वाहत्या पाण्याने आरोग्य वाहतं राहतं म्हणून ते आप्पांच्या उशाशी. ताई, ज्या माणसाला रात्रंदिवस लघवीला लागल्यासारखं वाटतं, त्याच्या उशाशी पाण्याची धार सोडायची ही कल्पना ज्या कुणा चिनी माणसाला सुचली त्याने कधी कुणाचं भांडं उचललेलं नसणार. मी दुपारी ते बंद करते, संध्याकाळी यांच्या बुटांचा आवाज आला की चालू करते. आणि शेवटी आला तो हसरा बुद्ध. पिवळाधमक, पोट पुढे, पाठीवर पोतं. आप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "हा कोन गो?" मी म्हटलं, बुद्ध म्हणे. "आपला न्हाय हा. आपल्यानं उपास करून हाडं दाखवली व्हती. हा कोन सावकार दिसतोय." मी त्याला उचलायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाव दे. हसतोय तर हसू दे. घरात कोनीतरी हसाया पायजे."

आता खाट. खरं पत्र खाटेचं आहे, बाकी नुसतं अंगण झाडलं. आप्पांची खाट आतल्या खोलीत होती, पाय दाराकडे. चीनमध्ये मेलेल्या माणसाला असे पाय करून बाहेर नेतात म्हणे. (आपल्याकडे वेगळं काय करतात? पण हे चीनहून ऐकल्यावर तुमच्या भावाचा चेहरा उतरला.) म्हणून खाट हॉलमध्ये आली. मग सरांनी जन्मतारीख मागितली. जन्मसालावरून प्रत्येकाचा एक आकडा निघतो, त्यावरून डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं ते ठरतं. आप्पांची शाळेतली तारीख एक जून. ताई, तुमच्या सासऱ्यांची एक जून, माझ्या बाबांची एक जून, आपल्या वाडीतली ती अख्खी पिढीच एक जूनला जन्मली. मास्तरांनी शाळेत नाव घालताना पोराची उंची बघितली, एक साल धरलं आणि पुढे एक जून लिहिलं. आप्पांचं साल असं कुणी धरलं, आणि मोठेपणी आप्पांनी कितीतरी पोरांचं धरलं. तर त्या धरलेल्या सालाचा आकडा निघाला, आणि डोकं पूर्वेला झालं. पूर्व म्हणजे कपाटाच्या उजवीकडे.

आप्पांनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला मास्तर उठून बसला. म्हणाले की आईच्या सांगण्याप्रमाणे आपला जन्म मोठ्या वादळाचा, वाडीतले माड झोपले त्या पावसाळ्यातला. बंधुराजांनी गावी फोन करून सगळ्यात म्हाताऱ्या काकीला वादळाचं साल विचारलं. काकी म्हणाली, कुठलं वादळ, माड तर दोनदा पडले. म्हणजे एक शाळेचं साल, दोन वादळांची, आणि तीन सालांचे आकडे तीन. पहिल्या वादळाने डोकं पश्चिमेला गेलं, दुसऱ्याने उत्तरेला आलं, आणि कुठल्याच वादळाची खात्री नाही म्हणून शेवटी खाट हॉलमध्ये तिरपी झाली. येणाराजाणारा तिच्या कोपऱ्याला नडगी आपटायचा. मग वर तुळई असल्याचा शोध लागला. तुळईखाली झोपणाऱ्याच्या छातीवर भार येतो. आप्पांच्या छातीवर भार होताच, तो तुळईचा आहे हे आम्हाला कळलं नव्हतं एवढंच.

प्रत्येक वेळी हे आणि वॉचमन मिळून आप्पांसकट खाट उचलायचे. उतरवून परत चढवण्यात जास्त दुखतं, म्हणून तसंच. आप्पा पंच्याचं टोक दातात धरून छताकडे बघत राहायचे, एकदाही हूं की चूं केलं नाही. त्या वेळी मला तुमच्या भावाचा इतका राग यायचा की हातातलं भांडं फेकून मारावंसं वाटायचं. बाहेर जाऊन मी जिन्यात उभी राहायचे. आता खाट कुठे आहे म्हणाल, तर सगळ्या नियमांत बसणारी जागा आख्ख्या घरात एकच निघाली. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. वर तुळई नाही, समोर आरसा नाही, पाठीला संडास नाही. समोर फ्रीज आहे. कुणीही फ्रीज उघडला की आप्पांच्या तोंडावर उजेड पडतो. मी आडवी होऊन भिंतीला घासत ओट्यापाशी जाते. दोन चमचे पेज मुश्किलीने जाणाऱ्या माणसाला मी दिवसभर फोडण्या घालताना दिसते. वासाने त्यांना मळमळतं म्हणून मासळी बंद केलीय. सानवीने त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, यावरून घरात काय चाललंय ते ओळखा.

आणि मागच्या रविवारी अडगळ. जी वस्तू वापरात नाही ती ची अडवते, ती घराबाहेर काढायची. तुमच्या भावाने सकाळपासून पोती भरली. जुनी छत्री, बंद मिक्सर, सानवीची पाचवीची पुस्तकं, सगळं झपाझप. मग दाराजवळचं चपलांचं कपाट उघडलं आणि आप्पांच्या चपला हातात घेतल्या. त्या कोल्हापुरी, ज्यांना ते दर शनिवारी तेल लावायचे. वापरात आहेत की नाहीत? ताई, हा माणूस त्या चपला हातात धरून तिथे जमिनीवर बसला तो बसलाच. बऱ्याच वेळाने उठला, फडकं घेऊन दोन्ही पुसल्या आणि खाटेखाली नीट जोडीने ठेवल्या. खाटेखाली काहीही ठेवायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. त्यानंतर पोती भरणं तिथेच थांबलं.

तर आता विनंती. तुम्ही थोरल्या. तुमचं ऐकतील. येत्या रविवारी फोनवर 'सुधारणा आहे' म्हणाले की त्यांना चांगलं झापा. अनिल सरांना पुन्हा घरात घेऊ नको म्हणून सांगा, खाट आतल्या खोलीत लावून घ्या आणि आप्पांच्या जिवाला जरा स्वस्थता मिळू द्या. एवढं माझं काम करा. गुडघ्याला जपा. दाजींना आणि मुलांना जय भीम.

तुमची,
रसिका

ता. क. वर लिहिलेलं झापण्याचं रद्द समजा. पत्र पाकिटात घालायच्या आधी आप्पांना पेज भरवायला बसले होते, हे ऑफिसात. मी वैतागून म्हटलं की ते होकायंत्र एक दिवस ट्रान्सफॉर्मरवर फेकणार आहे. तर म्हणाले, "करू दे गो त्याला. माजं दुखनं त्याला उचलता येत न्हाय. खाट येते. तर खाट उचलतोय." मी पेजेचा चमचा तसाच धरून बसले. मला एवढे दिवस जो मूर्खपणा दिसत होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी बरोबर वाचला होता, आणि म्हणून पंचा दातात धरून गप्प राहत होते. तेव्हा माझ्या नवऱ्याला काही बोलू नका. माझ्या रागाचं मी बघून घेईन.

आणखी ता. क. मूळ काम राहिलंच. चमचाभर पेज गिळून आप्पांनी मला विचारलं, "तू तरी न्हेशील काय गावाला?" ताई, मी कशी नेऊ? सुनेने सासऱ्याला शेवटी गावात नेऊन टाकलं, असं वाडी म्हणेल. वाडीचं मी सोसेन. पण तुमच्या भावाने आप्पांना गावच्या रस्त्याला लावायचं म्हणजे मे महिना येणार नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. ते त्यांच्याने होत नाही, आणि त्यांच्याकडून वदवून घ्यायला माझी जीभ उचलत नाही. कुणाला ते बोलायला न लावता हे करू शकेल असं एकच माणूस आहे, ते तुम्ही. आई गेल्यापासून तुम्हाला माहेरपण नाही. फोन करा आणि भांडा. (या पत्राचं नाव काढू नका.) म्हणा, मला माहेरपणाला यायचंय आणि मी भावाच्या फ्लॅटमध्ये लिफ्टसमोर बसून जेवणार नाही. माझं माहेर गावच्या घरी, आणि बाप ओटीवर असेल तरच ते माहेर. रुसायचं कसं ते तुम्हाला शिकवायला नको. लहानपणापासून ते एका तुमच्या रुसण्याला घाबरतात. धावत जातील, घर उघडतील, कौलं शाकारून घेतील, पंपाची मोटर दुरुस्त करतील, आणि बहिणीला घरात बाप दिसला पाहिजे म्हणून आप्पांना घेऊन येतील. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांकडून जास्तीच्या लिहून घेतल्यात. गावाजवळच्या पावसच्या नर्सबाईंशी बोलून ठेवलंय. सानवीची शाळा बुडेल, बुडू दे.

तुमचे बंधुराज अनिल सरांना विचारणार, हे नक्की. म्हणून मीच त्यांना दुकानात फोन केला. म्हटलं, आमच्या घरापासून गाव दक्षिणेला येतं, तर आप्पांना दक्षिण अनुकूल आहे असं सांगा. मग हळूच म्हणाले, "वहिनी, दक्षिण?" दक्षिण यमाची, हे आपण मानत नाही, पण ते मानतात. मी म्हटलं, हो सर, दक्षिण. मागे कुणी गिऱ्हाईक पडद्याचा भाव विचारत होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "अनुकूल आहे. मी सांगतो त्यांना." आणि मला विचारलं, आप्पा काय खातात हल्ली.

शेवटचा ता. क. रडायचं असेल ते तिकडेच रडून या. इथे तुम्ही माहेरवाशीण. घावणे मागा, ओल्या काजूची उसळ मागा, ती या दिवसांत कुठे मिळते म्हणून मी कुरकुरेन, तुम्ही आप्पांकडे माझी तक्रार करा. ओरडू दे त्यांना माझ्यावर ओटीवरून, जमेल तेवढं. आणि आल्या आल्या ते विचारतीलच, लेकीला बाप विचारतोच, की परत कधी जाणार. तेव्हा तारीख सांगू नका. म्हणा, तुम्ही पाठवाल तेव्हा.